शेंगदाण्याचे लोणी आणि चॉकलेटची थरांची वडी

भुईमुगाच्या शेंगा काढणीनंतर बाजारात नेल्या की शेतकऱ्याच्या हाती पडतो तो केवळ कच्च्या मालाचा दर. त्याच दाण्यांचे पुढे तेल, चिक्की, खारे दाणे आणि अलीकडे पीनट बटर म्हणून मोठ्या प्रमाणावर विकले जाणारे शेंगदाण्याचे लोणी होते. यातील तेलाला घाणा लागतो, चिक्कीला पाकाचा अंदाज आणि सराव लागतो. लोण्याला मात्र कढई, सूप आणि मिक्सर एवढी साधने पुरतात. या लोण्यापासून भट्टी किंवा ओव्हन न वापरता चॉकलेटचा थर दिलेली वडी घरच्या घरी करता येते. मुलांना ती आवडते आणि सणासुदीला, जत्रेत किंवा बचत गटाच्या विक्री केंद्रावर ती खपूही शकते.

परंतु या पदार्थात एक गोष्ट विसरून चालत नाही. ही वडी कोठेही शिजत नाही. दाणे भाजल्यानंतर तिला पुन्हा उष्णता मिळत नाही. म्हणून दाणा निवडताना आणि भाजल्यानंतर हाताळताना जी कसर राहील, ती थेट खाणाऱ्याच्या पोटात जाते. या लेखात कृतीबरोबरच दाण्याच्या निवडीची माहिती सविस्तर दिली आहे, ती याच कारणासाठी.

थोडा पूर्वेतिहास

शेंगदाणे वाटून खाण्याची पद्धत अमेरिका खंडात फार जुनी आहे. आधुनिक लोण्यासंबंधीचे पहिले पेटंट कॅनडातील मॉन्ट्रियल येथील मार्सेलस एडसन यांना १८८४ मध्ये मिळाले. पुढे अमेरिकेत डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी १८९५ मध्ये आपल्या पद्धतीसाठी पेटंटचा अर्ज केला. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना लोण्याचे जनक म्हणण्याचा प्रघात आहे, तो बरोबर नाही. त्यांचे काम वेगळे आणि शेतकऱ्यांच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे. अलाबामा राज्यात वर्षानुवर्षे कापूस घेऊन जमिनी निकस झाल्या होत्या. तेथे भुईमुगासारखी द्विदल पिके घ्यावीत आणि आलेले पीक घरात कसे वापरावे हेही शेतकऱ्यांना कळावे, म्हणून टस्कगी येथील संस्थेतून त्यांनी १९१६ मध्ये एक पुस्तिका प्रसिद्ध केली. त्यात भुईमुगाच्या लागवडीसोबत खाद्यपदार्थांच्या १०५ कृती होत्या. पीक सांगायचे तर त्याचा उपयोगही सांगायचा, ही विस्तार कार्याची दृष्टी आजही तितकीच उपयोगी आहे.

दाणा कोणता घ्यावा

शेंगदाण्यात साधारणपणे ४५ ते ५० टक्के तेल आणि २५ टक्क्यांच्या आसपास प्रथिने असतात. दाणा वाटला की पेशी फुटून तेल बाहेर येते आणि त्या तेलातच बारीक झालेला दाणा तरंगत राहतो. हेच लोणी. म्हणजे लोण्याला वेगळे तेल घालण्याची गरज नसते.

महाराष्ट्रात घेतल्या जाणाऱ्या एसबी-११, जेएल-२४ (फुले प्रगती), टीएजी-२४ या वाणांच्या दाण्यांचे लोणी चांगले होते. टीपीजी-४१ सारख्या मोठ्या दाण्याच्या वाणाची साल काढणे आणि निवड करणे सोपे जाते. ज्यांना विक्रीसाठी माल करावयाचा आहे त्यांनी ओलिक आम्लाचे प्रमाण जास्त असलेल्या वाणांकडेही लक्ष द्यावे. गिरनार-४ आणि गिरनार-५ हे वाण २०२० मध्ये प्रसारित झाले असून त्यांच्या तेलात ओलिक आम्ल ८० टक्क्यांच्या जवळपास असते. असे तेल हवेच्या संपर्कात लवकर बिघडत नाही आणि लोणी खवट होण्यास वेळ लागतो.

बुरशीचा धोका आणि दाण्याची निवड

इंग्लंडमध्ये १९६० साली एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अचानक मरण पावले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत बुरशीने तयार केलेले विष होते. त्या शोधातून अफ्लाटॉक्सिन हे नाव पुढे आले. अस्परजिलस फ्लेव्हस आणि अस्परजिलस पॅरासिटिकस या बुरशी ते तयार करतात. थोड्या थोड्या प्रमाणात दीर्घकाळ पोटात गेल्यास हे विष यकृताला अपाय करते व यकृताच्या कर्करोगाचा धोका वाढवते.

आपल्या देशात खाण्यास तयार दाण्यांत अफ्लाटॉक्सिनची मर्यादा किलोमागे १० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. हे प्रमाण किती सूक्ष्म आहे ते असे समजावून घ्यावे: १०० टन मालात केवळ १ ग्रॅम.

याबाबत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१) भाजल्याने हे विष पूर्णपणे नष्ट होत नाही. भाजल्याने बुरशी मरते, विष मात्र बऱ्याच प्रमाणात उरते.

२) तेल काढताना विषाचा बराचसा भाग पेंडीत राहतो. लोण्यात मात्र आपण अख्खा दाणा खातो. म्हणून ‘घाण्याला चालणारे दाणे लोण्यालाही चालतील’ ही समजूत चुकीची आणि घातक आहे.

३) हे विष सर्व दाण्यांत सारखे पसरलेले नसते. ते मोजक्या खराब दाण्यांत एकवटलेले असते. अख्खे दाणे खाताना खराब दाणा कडू लागून थुंकला जातो. वाटल्यानंतर तोच दाणा संपूर्ण घाण्यात मिसळतो आणि चवीवरून ओळखू येत नाही. याच कारणामुळे हाताने केलेली काळजीपूर्वक निवड फार उपयोगी ठरते.

निवडताना सुरकुतलेले, काळपट किंवा पिवळट डाग पडलेले, फुटलेले, किडके, कोंब आलेले आणि हिरवट-पिवळी बुरशी दिसणारे दाणे काढून टाकावेत. निवड दोनदा करावी: एकदा भाजण्यापूर्वी आणि दुसऱ्यांदा साल काढल्यावर. साल निघाल्यावर आतील काळे डाग स्पष्ट दिसतात. काढून टाकलेले दाणे जनावरांना किंवा कोंबड्यांना घालू नयेत. दुभत्या जनावराने असे खाद्य खाल्ल्यास विषाचा अंश दुधात उतरतो. हे दाणे जाळावेत किंवा खोल पुरावेत.

खरी काळजी शेतापासूनच सुरू होते. शेंगा भरण्याच्या शेवटच्या काळात पाण्याचा ताण पडू देऊ नये. खुरपणी व काढणीच्या वेळी शेंगांना इजा होणार नाही हे पाहावे. उपटलेली झाडे शेंगा वर येतील अशी उलटी ठेवून वाळवावीत. ओल्या शेंगांचे ढीग करू नयेत. दाण्यातील ओलावा ८ टक्क्यांच्या आत आल्यावरच पोती भरावीत. शेंग हलवल्यावर दाणा खुळखुळतो आणि दाणा बोटांत चोळल्यावर साल सहज सुटते, ही चांगल्या वाळवणीची खूण होय. उन्हाळी भुईमूग वळवाच्या पावसात सापडण्याची शक्यता असल्याने त्या हंगामात विशेष दक्षता घ्यावी.

लोणी तयार करण्याची कृती

एक किलो निवडलेल्या कच्च्या दाण्यांपासून, ओलावा व साल गेल्यावर, सुमारे ९०० ग्रॅम लोणी मिळते.

भाजणे : जाड बुडाच्या कढईत दाणे मंद आचेवर २० ते २५ मिनिटे सतत हलवत भाजावेत. मोठ्या आचेवर वरून करपतात आणि आत कच्चे राहतात. दाणा मधोमध फोडून पाहावा. आतील रंग फिकट बदामी झाला की कढई उतरवावी. दाणे लगेच ताटात पसरावेत, कारण कढईतील उष्णतेने ते पुढेही भाजत राहतात.

साफ करणे : पूर्ण गार झाल्यावर दाणे चोळून सुपात पाखडावेत. दाण्याच्या टोकाशी असलेला लहान अंकुर कडवट असतो. पाखडताना आणि चाळताना तो शक्य तितका काढावा.

वाटणे : मिक्सरचे भांडे पूर्ण कोरडे असावे. प्रथम दाण्याचा कूट होतो, नंतर कुटाचा गोळा बनून भांड्याच्या कडेला चिकटतो. या टप्प्यावर अनेकजण पाणी किंवा दूध घालतात. तसे कदापि करू नये. दाण्यातील प्रथिने व पिष्ट पाणी शोषून घेतात आणि लोणी पातळ होण्याऐवजी घट्ट होते. शिवाय ओलाव्यामुळे ते लवकर खराब होते. मिक्सर एक मिनिट चालवून दोन मिनिटे थांबवावा, कडेचे मिश्रण चमच्याने खाली करावे आणि पुन्हा फिरवावे. थोड्याच वेळात तेल सुटून मिश्रण आपोआप पातळ व चकचकीत होते. सतत चालवल्यास मोटार तापते व लोण्यालाही जळका वास येतो. किलोमागे ८ ते १० ग्रॅम कोरडे मीठ शेवटी घालावे. पिठाच्या चक्कीत दाणे दळू नयेत. तेलामुळे दगड चिकटतात.

तयार लोणी कोरड्या काचेच्या किंवा स्टीलच्या बरणीत भरावे. तांब्या-पितळेची किंवा लोखंडाची भांडी वापरू नयेत. या धातूंमुळे तेल लवकर खवट होते. काही दिवसांनी तेल वर तरंगते. हा दोष नसून नैसर्गिक गुण आहे. ढवळून वापरावे.

थरांची वडी : साहित्य

२० सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद ट्रेसाठी किंवा थाळीसाठी पुढील प्रमाण घ्यावे.

खालचा थर
शेंगदाण्याचे लोणी – २५० ग्रॅम
ग्लुकोज किंवा मारी बिस्किटांचा चुरा – २०० ग्रॅम
दळून चाळलेली साखर – १२५ ग्रॅम
साजूक तूप – ६० ग्रॅम
मीठ – चिमूटभर (लोण्यात मीठ नसल्यास)

वरचा थर
गडद चॉकलेट – २०० ग्रॅम
शेंगदाण्याचे लोणी – ४० ग्रॅम

बिस्किटांपैकी निम्मा भाग राजगिऱ्याच्या लाह्यांच्या चुऱ्याने बदलता येतो. वडी थोडी खुसखुशीत होते व मैद्याचे प्रमाण कमी होते. लाह्या वापरण्यापूर्वी कढईत कोमट करून कोरड्या कराव्यात. साखरेऐवजी गुळाची पावडर वापरावयाची असल्यास ती पूर्ण कोरडी व चाळलेली असावी. गूळ हवेतील ओलावा ओढतो, त्यामुळे पावसाळ्यात साखरच बरी. साखर तुपात किंवा तेलात विरघळत नाही. ती जितकी बारीक दळलेली असेल तितकी वडी कमी रवाळ लागते.

तुपाऐवजी लोणी वापरू नये. त्यात पाण्याचा अंश असतो.

कृती

१) थाळीला तूप लावून त्यावर बटर पेपर असा पसरावा की त्याची दोन टोके बाहेर राहतील. वडी उचलण्यास ती उपयोगी पडतात.

२) तूप केवळ वितळेल इतके गरम करावे. त्यात शेंगदाण्याचे लोणी घालून एकजीव करावे. मग साखर, मीठ व शेवटी बिस्किटांचा चुरा मिसळावा. मुठीत दाबल्यावर गोळा टिकला पाहिजे. भुरभुरत असल्यास एक-दोन चमचे लोणी आणि सैल वाटल्यास थोडा चुरा वाढवावा.

३) मिश्रण थाळीत ओतून वाटीच्या सपाट बुडाने घट्ट दाबावे. पोकळ राहिल्यास कापताना वडी फुटते. थाळी अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवावी.

४) चॉकलेट सुरीने बारीक चिरावे. एका पातेल्यात पाणी तापवून आच बंद करावी आणि त्यावर कोरडे भांडे असे ठेवावे की त्याचे बूड पाण्याला टेकणार नाही. चिरलेल्या चॉकलेटचा दोन तृतीयांश भाग त्यात हळूहळू वितळवावा. वितळलेले चॉकलेट ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणजे बोटाला सहन होईल इतके ऊन असावे. भांडे खाली उतरवून उरलेला एक तृतीयांश भाग घालावा व तो विरघळेपर्यंत ढवळावे. शेवटी ४० ग्रॅम लोणी मिसळावे.

५) हे मिश्रण थंड झालेल्या खालच्या थरावर ओतून सारखे पसरावे. थाळी हलकेच आपटल्यास बुडबुडे निघून जातात.

६) फ्रिजमध्ये २० ते ३० मिनिटे ठेवून वरचा थर जेमतेम घट्ट झाला की गरम पाण्यात बुडवून पुसलेल्या कोरड्या सुरीने खुणा पाडाव्यात. नंतर आणखी तासभर गार करून त्याच खुणांवर कापावे. उभे-आडवे सहा-सहा भाग केल्यास सुमारे २४ ग्रॅमच्या ३६ वड्या होतात.

असे का करावयाचे?

चॉकलेटमध्ये पाण्याचा एक थेंब किंवा वाफ गेली तरी ते एकदम रवाळ व घट्ट होते. त्यातील साखर व कोकोचे कोरडे कण ओलाव्याने एकमेकांस चिकटतात. म्हणून भांडी, चमचा व हात कोरडे हवेत.

कोको बटर ३४ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि गोठल्यावर कडक होते. खालचा थर मऊ असतो. अशा मऊ थरावर केवळ चॉकलेट ओतल्यास कापताना वरचा थर तडकतो आणि खालचा बाहेर येतो. चॉकलेटमध्ये थोडे लोणी मिसळल्याने दोन्ही थरांचा मऊपणा जुळतो.

न वितळवलेले चॉकलेट शेवटी घालण्याचा हेतू असा की त्यातील स्थिर स्फटिकांमुळे कोको बटर योग्य रीतीने गोठते. तसे न झाल्यास वडीवर काही दिवसांत पांढुरकी झाक येते. वडी उबदार जागी राहिल्यास खालच्या थरातील दाण्याचे तेल वर चढूनही अशी झाक येते. ही बुरशी नव्हे. मात्र उग्र कुबट वास किंवा केसाळ वाढ दिसल्यास वडी टाकून द्यावी.

स्वस्त पर्याय

वडीत सर्वात महाग घटक चॉकलेट असते. घरगुती वापरासाठी ६० ग्रॅम कोको पावडर, ९० ग्रॅम खोबरेल व ६० ग्रॅम दळलेली साखर कोमट करून एकजीव केल्यास वरचा थर तयार होतो. यात वेगळे लोणी मिसळू नये. खाद्य प्रतीचेच खोबरेल वापरावे. खोबरेल २४-२५ अंशांच्या वर पातळ होते, त्यामुळे हा थर फ्रिजमध्येच टिकतो व विक्रीस योग्य नाही.

स्वच्छता, साठवण आणि हंगाम

अमेरिकेत २००८-०९ मध्ये साल्मोनेला जंतूंनी दूषित झालेल्या शेंगदाण्याच्या लोण्यामुळे ७०० हून अधिक लोक आजारी पडले व ९ जण दगावले. व्यवस्थित भाजल्याने हे जंतू मरतात. पण भाजलेला माल कच्च्या मालाच्या जागी ठेवला, उंदीर-पाखरांचा वावर असला किंवा छपरातून पाणी गळले तर जंतू पुन्हा शिरतात. लोण्यासारख्या कोरड्या व तेलकट पदार्थात ते वाढत नाहीत, पण दीर्घकाळ जिवंत राहतात. म्हणून कच्चे दाणे आणि भाजलेले दाणे यांची जागा, भांडी व सुपे वेगळी ठेवावीत. आजारी व्यक्तीने हे काम करू नये.

लोणी थंड जागी ठेवून महिना-दीड महिन्यात संपवावे. वड्या हवाबंद डब्यात थरांमध्ये बटर पेपर घालून फ्रिजमध्ये ठेवाव्यात व १५ दिवसांच्या आत खाव्यात.

विक्रीसाठी हिवाळा सर्वात योग्य. खरीप भुईमुगाच्या शेंगा ऑक्टोबरपर्यंत वाळून तयार होतात आणि नोव्हेंबर ते जानेवारीच्या थंडीत चॉकलेट चांगले घट्ट राहते. एप्रिल-मे मध्ये शीतपेटीची सोय नसल्यास वडी विकू नये. त्या काळात केवळ लोणी विकावे.

विक्री करताना

अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अन्न व्यवसायाची नोंदणी करून घ्यावी. वेष्टनावर घटक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, वापरण्याची मुदत व नोंदणी क्रमांक छापावा. ‘यात शेंगदाणा आहे’ ही सूचना ठळक असावी. काही व्यक्तींना, विशेषतः लहान मुलांना, शेंगदाण्याची ॲलर्जी असते व ती जिवावर बेतू शकते. बिस्किटातील गहू आणि तुपातील दूध यांचाही उल्लेख करावा.

खर्चाचा हिशेब एका थाळीवर मांडावा. २९० ग्रॅम लोण्यासाठी सुमारे ३२५ ग्रॅम निवडलेले कच्चे दाणे लागतात. निवडीत गेलेल्या दाण्यांचे वजन किमतीत धरावे. ते न धरल्यास हिशेब फसतो आणि निवड ढिली करण्याचा मोह होतो. दाणे, चॉकलेट, इतर जिन्नस, वेष्टन, इंधन-वीज आणि स्वतःची मजुरी या सर्वांची बेरीज करून ३६ ने भागावे. त्यावर नफा ठेवून किंमत ठरवावी.

एका वडीतून १३० ते १४० किलोकॅलरी ऊर्जा व अडीच ते तीन ग्रॅम प्रथिने मिळतात. शाळेतून आलेल्या मुलास एक वडी पुरे. साखर व स्निग्धांश भरपूर असल्याने तिला जेवणाचा पर्याय समजू नये.

बाजारात जाणारा माल पहिल्या प्रतीचा आणि घरात उरतो तो दुय्यम प्रतीचा, अशी आपल्याकडे बहुधा रीत आहे. या पदार्थाला ती रीत लागू करू नये. लोण्यासाठी आणि वडीसाठी पोत्यातील सर्वात चांगला दाणा बाजूला काढावा. तसा दाणा नसेल त्या वर्षी लोणी न करणेच हिताचे.